लंगडा वारा

मेविसनं आपल्या जावयाचं तोंड कधी धड पाहिलं नव्हतं. पाय मात्र तिला पाठ होते.

यात नवल करण्यासारखं काही नाही. सासूनं जावयाकडे बघायचं नाही, जावयानं सासूकडे बघायचं नाही. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही. नियम माळावरच्या त्या डोंगराएवढ्या दगडाइतका जुना आहे, आणि दगड केवढा जुना ते दगडालाच विचारा. रॉंडाचं लग्न झाल्या दिवसापासून मेविस घराबाहेर पडली की आधी वाळू बघायची, मग माणसं. डावा बूट जरा आत वळलेला, टाच बाहेरून झिजलेली, ढांगा लांब. असला माग दिसला की ती मुकाट्यानं वळायची आणि दुसरीकडून जायची. पण वळायच्या आधी वाचून घ्यायची. जावई दमलाय, जावयाच्या खांद्यावर कांगारू आहे, जावई आज घरात भांडून आलाय.

"भांडला की टाचा आपटत चालतो तुझा नवरा," ती लेकीला म्हणायची.

"आणि मी?" रॉंडा विचारायची.

"तू भांडून उड्या मारत येतेस. जिंकलेली असतेस ना."

जावई गुणाचा होता. शिकार मिळाली की शेपटीचा चांगला तुकडा आधी सासूकडे यायचा, रॉंडाच्या हातून. सासूच्या घरी सरपण कधी संपलं नाही. कोण आणून टाकतं ते विचारायची गरज नव्हती, दारात पाय उमटलेले असायचे. अशी वीस-बावीस वर्षं गेली. तोंड न बघता माया करता येते, बघून करणाऱ्यांनी आपापलं बघावं.

आता पंचाईत अशी की सासू आणि जावई दोघंही नोकरीला एकाच वाटेवर. दगडाभोवती टूरिस्टांसाठी आखलेली पायवाट, लाल वाळूची, दोन्ही बाजूंना टोकदार गवताचे पुंजके. कुणी वाट सोडू नये, कुणी पाण्यावाचून पडू नये, कुणी बाटल्या टाकू नयेत, हे बघायचं काम. ऑफिसातल्या ग्रेगला दोघांना एका गाडीत बसवायची भारी हौस होती. पहिल्यांदा त्यानं तसं केलं तेव्हा मेविस मागच्या दारानं उतरली आणि ऊन डोक्यावर घेत तडक वस्तीवर चालत गेली, उजवा पाय ओढत. तो पाय लहानपणी गुरांच्या ठाण्यावर घोड्यानं तुडवला होता. बाप तिथं गुरं वळायचा. तेव्हापासून तिच्या मागात एक पाऊल असायचं आणि एक ओरखडा. ग्रेगला मग कळलं.

पुढं दोघांनी एकमेकांना न विचारताच रीत बसवली. जावई उगवतीच्या बाजूनं निघायचा, ती मावळतीच्या. जिथं गाठ पडायची शक्यता, त्या मोठ्या झाडापाशी जो आधी पोचेल त्यानं वाळूत हिरवी फांदी रोवायची आणि निघून जायचं. दोघांच्या मधे धावायचा तो बिस्किट, एक कान फाटलेला पिवळा कुत्रा. तो कुणाचाच नव्हता, म्हणून दोघांचा होता.

इतर सासवा अडलं की कुत्र्याशी बोलायच्या. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं इथं कुत्र्याला बोलायचं आणि जावयाला लागायचं. मेविसची भावजय तर चुलीपाशी बसून, जावई भिंतीपलीकडे आहे असं बघून, मोठ्यानं म्हणायची, "अरे कुत्र्या, कुणाच्या तरी गाडीचं चाक महिनाभर माझ्या दारात पडलंय रे. त्यात आता साप वेतील." संध्याकाळी चाक हललेलं असायचं. मेविसला मात्र तेवढंही जमलं नाही. लाज वाटायची. तिचा सगळा निरोप रॉंडाच्या तोंडून जायचा.

त्या वाटेवर, दगडाच्या सावलीकडच्या अंगाला, एक जागा बायकांची आहे. तिथं वाट जरा दूर सरकते, दोरी बांधलेली आहे, पाटी आहे. पुरुषानं आत जायचं नाही, तिकडे बघायचंही नाही. जावई तिथून जाताना तोंड माळाकडे करून चालायचा. मेविसनं ते मागावरून ओळखलं होतं, कारण त्या तुकड्यात त्याचे पाय तिरके पडत. आत काय आहे ते इथं सांगायचं नाही. बायकांचं आहे, बायकांपाशी आहे. त्या जागेचा सांभाळ डल्सीअक्काकडे होता. तिच्यानंतर तो मेविसकडे यायचा होता. आईनं लहानपणी, पाय दुखरा म्हणून, पाठुंगळी घेऊन तिला तिथं नेलं होतं. तेव्हा ऐकलेली गाणी ती अजून भांडी घासताना मनातल्या मनात म्हणायची, ओठ न हलवता.

त्या उन्हाळ्यात रॉंडा ॲलिसला, शहरातल्या इस्पितळात गेली होती. तिच्या धाकट्या लेकीच्या कानाचं ऑपरेशन होतं. म्हणजे निरोप नेणारं तोंडच घरात नव्हतं. मेविसला वाटलं, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, काय निरोप असणार आहेत मोठे?

आता रेडिओचं सांगायला हवं, कारण घोटाळा तिथंच झाला. ऑफिसनं दोघांच्या कमरेला रेडिओ दिले होते. रेडिओला सासू-जावई कळत नाही. जावई बोलला की त्याचा आवाज थेट तिच्या कमरेतून यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा ती भर वाटेवर मटकन खाली बसली होती. नंतर तिनं सवय लावून घेतली. त्याचा नुसता श्वास ऐकू आला की बटण फिरवून आवाज बंद करायचा, मनात एक गाणं म्हणायचं आणि मग पुन्हा चालू करायचा. ग्रेगला हे तिनं सांगितलं नाही. सांगून त्याला काय समजणार होतं? आणि ही काही चूक नव्हे, हा मान होता.

त्या दिवशी सकाळीच वाळू तापली होती. ऊन असं की कावळेसुद्धा चोची उघडून झाडात बसले होते. वाट बंद करायची वेळ झाली होती. मेविस मावळतीच्या अंगानं शेवटचे टूरिस्ट परत पाठवत होती. "चला, चला, दगड कुठं पळून जात नाही," असं म्हणत ती त्यांना बाटल्या देत होती. तेवढ्यात कमरेत तो आवाज घरघरला. तिनं बटण फिरवलं. गाणं म्हणायला सुरुवात केली. तोच एका बाईला भोवळ आली. तिला धरून सावलीत नेणं, डोक्यावर पाणी ओतणं, तिच्या नवऱ्याला गप्प बसवणं, यात गाणं राहिलं आणि बटणही राहिलं.

ती बाई सावरली, गाडीत बसून गेली. मेविस पुढं निघाली. मोठ्या झाडापाशी फांदी नव्हती. तिला चमत्कारिक वाटलं. जावई कधी चुकत नसे. ती हळूहळू, आपण येतोय हे कळावं म्हणून खोकत खोकत पुढं गेली आणि दोरीपाशी येऊन थांबली.

वाळूवर सगळं लिहिलेलं होतं. जाड तळव्याचे नवे बूट, परक्या माणसाचे, दोरीखालून वाकून आत गेलेले. झिंगल्यासारखे पडलेले, म्हणजे उन्हानं आधीच त्याचं डोकं फिरलं होतं. दोरीपाशी त्याची टोपी. मग जावयाचे पाय. ते तिथं येऊन थांबले होते. मग इकडून तिकडे, तिकडून इकडे, पुन्हा इकडून तिकडे. वाळू तुडवून तुडवून भुगा झाली होती. किती वेळ तो असा येरझाऱ्या घालत होता? कुणाची वाट बघत होता?

मेविसचा हात कमरेला गेला. तिनं बटण फिरवलं. आतून ग्रेग ओरडत होता, घसा बसेपर्यंत ओरडत होता, "मेविस, मेविस, ऐकतेयस का? सेल्विन म्हणतोय बाईमाणूस पाठव, एक माणूस आत पडलाय, सेल्विनला आत जाता येत नाही. मेविस!"

जावयानं हाक मारली होती. सासूला नव्हे, तिचं नाव न घेता, पण तिलाच. त्या सगळ्या वाटेवर आत जाऊ शकणारी एकच बाई होती आणि तिनं मानापोटी कान बंद केले होते.

पुढचं वाचायची गरज नव्हती, तरी तिनं वाचलं. येरझाऱ्या थांबल्या होत्या. तो दोरीशी उभा राहिला होता, पाय जुळवून. आणि मग आत. जाताना हलका, येताना खोल. इतका खोल की टाचेची झीज स्वच्छ उमटली होती. माणूस खांद्यावर घेऊन तो बाहेर आला होता आणि गाडीच्या चाकांपाशी माग संपला होता.

उद्या सकाळी या वाटेनं कुणीही बाई आली असती, तरी तिला कळलं असतं. सेल्विनचे पाय वस्तीत कुणाला ओळखू येत नाहीत? आणि ते कळलं म्हणजे काय, हे मेविसला पक्कं ठाऊक होतं. त्याला या भुईवरून जावं लागलं असतं. त्याच्या बापाची भुई लांब, दक्षिणेला, दोन दिवसांच्या गाडीवाटेवर. तो गेला की रॉंडा जाणार, रॉंडा गेली की नातवंडं जाणार. धाकटीला नुकतं ऐकू यायला लागणार, आणि ते इथं नाहीच.

मेविसनं मल्गाच्या झुडपाची फांदी मोडली. आत गेली. सगळ्यात आतल्या पावलापासून सुरुवात केली आणि उलट्या पायी, वाकून, झाडत झाडत बाहेर आली. तोंडानं ती त्या जागेची क्षमा मागत होती. जावयाचे पाय ती अशी पुसत होती जसं लेकराचं तोंड पुसावं, आणि रडत होती. बाहेर आल्यावर येरझाऱ्या पुसल्या. टोपी झुडपात खुपसली. बिस्किट जीभ काढून बघत बसला होता.

"तू काही बघितलं नाहीस," ती त्याला म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती त्या कुत्र्याशी बोलली असेल.

टूरिस्ट वाचला. डॉक्टरांचं विमान येऊन घेऊन गेलं. ग्रेगनं जावयाची पाठ थोपटली आणि विचारलं, कुठं सापडला? जावई म्हणाला, "वाटेवर." ग्रेगनं कौतुकात फार विचारलं नाही. पण वस्तीला प्रश्न पडतोच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मेविस मोठ्या झाडापाशी जाऊन झुडपाआड बसली. रात्रभर तिला हेच लागून राहिलं होतं की जावयाला कसं कळवावं. तू गप्प बस, मी सगळं पुसलंय, एवढंच. गाडीचा आवाज आला. दार वाजलं. पावलं दोरीच्या दिशेनं गेली, बराच वेळ तिथं थांबली आणि परत झाडापाशी आली. तो झाडाच्या त्या बाजूला, ती या बाजूला. मधे बिस्किट, शेपूट हलवत. आता बोलावं. कुत्र्याकडे बघून 'तोंड बंद ठेव,' एवढे तीन शब्द. भावजय असती तर तीनशे बोलली असती. मेविसच्या ओठांशी शब्द आले आणि लाजेनं तिथंच वाळले. ती मनाला म्हणाली, बोलायला कशाला हवं? त्यानं बघितलंच आहे, वाळू साफ आहे. शहाणा आहे तो, समजेल.

पावलं निघून गेली. टाचा आपटत नव्हती, पण जड होती.

थोड्या वेळानं डल्सीअक्का आली. तिला आता चालवत नव्हतं, भाचीनं गाडीतून आणली. काठी टेकत ती दोरीपाशी गेली. वाळूकडे बघत राहिली. तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात गेली.

"मेविस, इकडे ये गं." ती आली. "काल तो माणूस कुठं सापडला म्हणे?"

"वाटेवर, अक्का."

"अस्सं. आणि कुणी आणला?"

"मला विचारतेस? जन्मात कधी मान वर करून बघितलंय मी तिकडे?"

अक्का हसली. दात तिला दोनच उरले होते. "ते खरं. डोळ्यांचं जाऊ दे. पाय तरी वाचलेस?"

"पाय नव्हतेच. वाऱ्यानं नेले असतील."

"वाऱ्यानं." अक्कानं काठीचं टोक वाळूवर फिरवलं, जिथं फांदीच्या खुणा होत्या आणि त्या खुणांच्या मधे, बेतानं पुसूनही, एक पाऊल आणि एक ओरखडा, एक पाऊल आणि एक ओरखडा. "इथला वारा लंगडतो काय गं?"

मेविस खाली बघत उभी राहिली. कावळा एकदा ओरडला. अक्काचं वय झालं होतं, चार लेकरं तिनं या मातीत पुरली होती, एक मुलगा शहरात हरवला होता. नातवंडं दूर जाणं म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"म्हातारी झाले मी," ती शेवटी म्हणाली. "डोळ्यांना नीट दिसत नाही. तू वारा म्हणतेस तर वारा. आपण दोघी मिळून आत धूर करू, गाणी म्हणू, जागा शांत करू. बाकीच्यांनी विचारलं तर मी सांगीन, मी स्वतः बघून आले. चल, चहा टाक. साखर जास्त घाल, मेली कंजूष."

मेविसचा जीव भांड्यात पडला. तिनं चूल पेटवली, राखेतली भाकर काढली, चहात चार मुठी साखर घातली. अक्का दोन घोट प्याली असेल नसेल, तेवढ्यात भाची गाडीतून धावत आली.

"अक्का, सेल्विननं वस्तीतल्या जाणत्या म्हाताऱ्यांपुढं जाऊन सांगितलं. सगळं. मी आत गेलो होतो म्हणाला."

कुणी विचारलं नव्हतं. कुणी बोट दाखवलं नव्हतं. पण त्यानं सकाळी दोरीपाशी उभं राहून सासूचा लंगडा माग वाचला होता, जसा तिनं त्याचा. जिनं कधी त्याची सावली अंगावर घेतली नाही ती वाकून, उलट्या पायी, त्याच्या पापावरून झाडू फिरवत गेली होती. तो समजला. पण भलतंच समजला. त्याला वाटलं, आता ही माझ्यापायी आपल्या बायकांशी खोटं बोलणार, हिच्या हातून ती जागा जाणार. तिनं खोटं बोलायच्या आत आपण खरं सांगून टाकावं. सरळ माणूस. एवढं सरळपण कशाला लागतं, देव जाणे. तीन शब्द, फक्त तीन, कुत्र्याला कुणी बोललं असतं तर तो घरी जाऊन झोपला असता.

अक्कानं चहा खाली ठेवला. "मी झाकलं होतं ना गं," ती म्हणाली. रागानं नाही, थकून. "आता कसं झाकू? आता सगळ्यांना ठाऊक. तू पुसलंस हेही ठाऊक."

तेल गेलं, तूप गेलं, मेविसच्या हाती फांदी तेवढी राहिली. म्हाताऱ्यांनी ठरवलं की सेल्विननं बापाच्या भुईवर जावं, इथल्या बायका बोलावतील तेव्हाच यावं. त्यानं माणूस वाचवला हे सगळे म्हणाले, आणि जा हेही सगळे म्हणाले. दोन्ही खरं होतं. बायकांनी ठरवलं की मेविसनं यापुढं दोरीच्या आत जायचं नाही, आणि अक्कानंतर जागा भाचीकडे जाईल. अक्कानं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि मग मेविसच्या गळ्यात पडून रडली. ग्रेग बिचारा सगळ्यांना विचारत फिरत होता की पण त्यानं चांगलंच केलं ना, मग झालं काय?

रॉंडा ॲलिसहून आली ती सामान बांधायलाच. धाकटीच्या कानावर अजून पट्टी होती. रॉंडा आईला धरून एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही दोघांनी मला फोन तरी करायचा." मग तिलाच ते ऐकवलं नाही आणि ती चादरी गुंडाळायला लागली.

निघायच्या सकाळी गाडी मोठ्या झाडापाशी थांबली. मेविस आधीच तिथं बसली होती, रस्त्याकडे पाठ करून, जशी सासूनं बसायला हवी तशी. नातवंडं येऊन गळ्यात पडली, पुन्हा पुन्हा पडली, आणि रॉंडानं त्यांना सोडवून नेलं. मग एक दार वाजलं. वजनदार पावलं उतरली आणि मागं कुठंतरी थांबली. बिस्किट त्यांच्या मधे येऊन बसला.

मेविसनं त्याचे दोन्ही कान धरले.

"बिस्किट, ऐक. तुला सांगते. त्या दिवशी कुणीतरी मला हाक मारली होती. रेडिओत. मी बटण बंद केलं. आवाज ऐकू नये म्हणून, मान राहावा म्हणून. मला ऐकू आलं असतं तर मी धावत आले असते, पाय तुटला असता तरी आले असते. आत जायला नको होतं त्याला, मी यायला हवं होतं. दोष त्याचा नाही. त्याला सांग. आणि सांग की शेपटीचा तुकडा आता कुणी पाठवणार नाही, पण मी जेवीन. काळजी करू नको म्हणावं."

मागं चामड्याचा आवाज झाला, वाळूचा झाला, आणि दार वाजलं. गाडी निघाली. धाकटी खिडकीतून ओरडत होती, तिला स्वतःचा आवाज नव्यानं ऐकू येत होता म्हणून जास्तच मोठ्यानं.

धुरळा बसेपर्यंत मेविस वळली नाही. वळली तेव्हा वाळूवर अनवाणी पाय होते. त्यानं बूट काढले होते. अनवाणी पाय ती पहिल्यांदाच बघत होती, अंगठा जरा वाकडा, धाकटीसारखा. ते तिच्या पाठीपासून हातभर अंतरापर्यंत आले होते. तिथं दोन गुडघे टेकले होते, आणि दोन तळहात. मग परत गेले होते.

रोज वाट साफ ठेवायची तिची नोकरी. त्या दिवशी तिनं तेवढा तुकडा सोडला. टूरिस्ट आले तर त्यांना हातानं बाजूनं जायला सांगत ती दिवसभर तिथंच बसून राहिली. बिस्किट पायांचा वास घेत होता, त्याला तिनं ओढून जवळ घेतलं.

संध्याकाळी वारा सुटला. या खेपेला खरा होता.